गडाची वाट आणि वाटेचे राखणदार

महाराष्ट्रात गड पाहायला निघालेला माणूस महादरवाजाशी पोहोचला म्हणजे त्याचा इतिहास सुरू होतो. त्याआधीचे दोन-तीन तास तो नुसता चढत असतो. पायथ्याची वाडी, खिंडीतली दगडांची रास, मधल्या सपाटीवरची चार घरे, शेंदूर फासलेला एखादा धोंडा, ज्या म्हाताऱ्याला त्याने वाट विचारली तो म्हातारा, हे सारे त्याच्या लेखी निसर्गात जमा होते. दरवाजा ओलांडला की मग सदर, राजवाडा, अंबारखाना, बालेकिल्ला, अशा नावांनी जागा बोलू लागतात. डोंगरयात्रेवरची आपली बरीचशी पुस्तके अशीच लिहिलेली आहेत. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने आमच्या आधीच्या एका अख्ख्या पिढीला डोंगराचे वेड लावले. त्या वेडाची मला थट्टा करायची नाही. डोंगर चढण्यात आनंद आहे आणि तो कोणाच्या बापाचा नाही. परंतु हा आनंद लिहून ठेवण्याची जी रीत पडली, तिच्यात वाट आहे आणि वाट राखणारा नाही. हे विसरणे आपोआप घडलेले नाही, आणि ते कसे घडत गेले हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे, असे मला वाटते.

गावांच्या नावांपासूनच सुरुवात करू. घेरा पुरंदर, घेरा सिंहगड, घेरा रसाळगड. महसुली दप्तरात आजही ही नावे आहेत. घेरा म्हणजे गडाच्या पायथ्याचा आणि उतारावरचा वेढा, त्यातल्या वाड्या, त्यांची शेते, त्यांची झाडी. गडाला लागून असलेली ही जमीन गडाच्या राखणीसाठी तोडून दिलेली असे. दुसरा शब्द मेट. डोंगराच्या अंगावर, वाटांच्या तोंडाशी बसवलेली चौकी म्हणजे मेट, आणि तिथे राबता असणारे ते मेटकरी. वेल्हे भागातले मेटपिलावरे, महाबळेश्वराकडची मेटतळे आणि मेटगुताड ही गावे आपल्या नावातच पहाऱ्याची खूण घेऊन बसली आहेत. दरवाजा, बुरूज, तट ही गडाची शेवटची राखण होती. खरी राखण त्याच्या पुष्कळ खाली, झाडीत आणि घळीत सुरू होत असे. ती राखणारे लोक कोण होते?

जेम्स ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला. तो पेशवाई बुडाल्यानंतर साताऱ्यास रेसिडेंट होता आणि गडांची व्यवस्था मोडताना त्याने जवळून पाहिली होती. त्याने गडकऱ्यांत ब्राह्मण आणि मराठे यांच्या जोडीने रामोशी, महार आणि मांग यांची नावे स्पष्टपणे घातली आहेत. गडाच्या आसपासची इनाम जमीन आणि गडाची निगा या दोन्ही गोष्टी बापाकडून मुलाकडे जात, हेही तो सांगतो. रामोशी आणि महार यांच्याकडे बाहेरच्या चौक्यांचे काम असे. बातमी आणणे, साऱ्या पाऊलवाटांवर नजर ठेवणे, चौकशी करीत आलेल्या परक्याला चुकीच्या वाटेला लावणे, शत्रूच्या फौजेतून मागे राहिलेल्यांना गाठून कापणे ही ती कामे. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला याच कामात कोळीही होते. आता सभासद बखरीत पाहा. तिथे हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांची व्यवस्था तपशिलाने येते, कारण बखरकाराला गडाच्या आतले दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी राखावी, ती तोडू देऊ नये, गडावर पाण्याची टाकी आधीच खोदून ठेवावीत, वाटा सोप्या ठेवू नयेत असा विचार आला आहे. हा विचार फार शहाणपणाचा आहे. परंतु ती झाडी रात्रंदिवस राखायची कोणी, अवघड ठेवलेली वाट अंधारात पायांना पाठ असायची कोणाच्या, हे त्यावरून कळत नाही.

मी ‘पायांना पाठ’ म्हणालो ते जाणून म्हणालो. वाटेचे ज्ञान हे ज्ञान आहे. कोणत्या घळीतून पावसाळ्यात उतरता येते, कोणत्या सोंडेवर गवत वाढले की माणूस दडतो, कोणत्या टाक्याचे पाणी चैत्रात आटते, कड्यावरून दगड सुटल्याचा आवाज आणि माणूस चालल्याचा आवाज यांत फरक काय, हे शिकायला दोन-चार पिढ्या लागतात. आपल्या समाजात जे ज्ञान पोथीत लिहिले गेले ते विद्या ठरले आणि जे पायात राहिले ते काम ठरले. ज्याच्याकडे हे काम, तो हलका. पेशवाईच्या पुण्यात ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याच्याच डोळ्यांवर गडावरचे ब्राह्मण सबनीस रात्री निर्धास्त झोपत होते. ही गोष्ट कडवटपणाने सांगण्याचीही गरज नाही; ती नुसती सांगितली तरी पुरे.

पुरंदरचा शेंद्र्या बुरूज पुष्कळांनी पाहिलेला असतो. सासवडच्या बाजूने वर गेले की त्याची कथा कोणी ना कोणी सांगतोच. पुण्याच्या जुन्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. बेदरच्या राजाच्या काळात बुरुजाचे काम चालले होते आणि बांधलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळे. तेव्हा राजाला दृष्टांत झाला की, थोरला मुलगा आणि त्याची बायको यांना पायात जिवंत पुरल्याशिवाय काम टिकणार नाही. त्याप्रमाणे बहिरनाक सोननाक याचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात घातले गेले, बुरूज उभा राहिला आणि बापाला बक्षीस मिळाले. नावातला ‘नाक’ ऐकला की जात सांगावी लागत नाही.

ही दंतकथा आहे. अशा कथा देशोदेशी पुलांच्या, तटांच्या, तलावांच्या बाबतीत सांगतात. नाथनाक आणि देवकाई खरोखर होऊन गेले की नाही हे शाबीत करता येणार नाही, आणि त्यासाठी बुरूज खणण्याचेही कारण नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. बळी कोणाचा द्यायचा हे ठरवताना कथेला जात आठवली, ती का? आणि आज हीच कथा आपल्यातले काही कार्यकर्ते अभिमानाने सांगतात. आमच्या पूर्वजांच्या रक्तावर हे गड उभे आहेत, असे त्यांचे म्हणणे असते. भावना मी समजू शकतो. ज्याला इतिहासात कुठेच जागा दिली गेली नाही, तो पायातली जागादेखील आपली म्हणून मागतो. परंतु पायात पुरले जाणे हा पराक्रम नव्हे. नाथनाकाला कोणी विचारले नव्हते. देवकाईला तर मुळीच नाही. ती थोरल्या मुलाची बायको होती, एवढाच तिचा गुन्हा. बक्षीस घेणारा बाप आणि पुरली गेलेली सून यांना एकाच ‘बलिदाना’त बसवणारा अभिमान आपल्या उपयोगाचा नाही.

याच बेदरच्या बादशहाशी बावन्न हक्कांची कथाही जोडलेली आहे. महारांना गावगाड्यात मिळणारे बावन्न हक्क बादशहाने दिलेल्या सनदेने आले, असे परंपरा सांगते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हे पुस्तक १९३३ साली आले. या परंपरांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची सुरुवात ज्यांनी केली त्यांत ते अग्रभागी आहेत. हक्काची कथा आणि बळीची कथा एकाच मुलखातून यावी, हे मला अर्थपूर्ण वाटते. मोबदला सांगणारी एक आणि किंमत सांगणारी दुसरी.

गडांच्याही पूर्वीच्या वाटा या डोंगरात आहेत. नाणेघाट सातवाहनांच्या काळचा. तिथल्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. कोकणातल्या बंदरांतून घाटावर चढणाऱ्या वाटांच्या कडेने बौद्ध लेणी खोदली गेली. भाजे, कार्ले, कुडे, महाडजवळचे गांधारपाले, जुन्नरभोवतीचे डोंगर ही त्यांतली काही. या लेण्यांतले दानलेख वाचावेत. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम दिले आहे. कुड्याला माळ्याचे दान आहे. जुन्नरला बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. बांबूकाम करणारा आज बुरूड म्हणून गावाबाहेर गेला. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्या श्रेणीचे नाव दगडात कोरले गेले होते. त्या काळात सारे समान होते, असा याचा अर्थ काढण्याची घाई मी करणार नाही. पण हाताने काम करणाऱ्याचे नाव लिहिण्याची लाज वाटत नव्हती, एवढे तर दगडच सांगतो. पुढच्या हजार वर्षांत काय बदलले याचा शोध घ्यायचा असेल, तर याच वाटांवरून चालावे लागेल.

दामोदर धर्मानंद कोसंबी असे चालले. ते पेशाने गणिती. पुण्याभोवतीच्या टेकड्या, घाटवाटा, लेण्यांकडे जाणारे जुने रस्ते त्यांनी पायांखाली घातले, सूक्ष्म पाषाणहत्यारे वेचली, वाटांच्या तिठ्यांवरची मातृदैवते पाहिली, आणि तिथल्या धनगराला, शेतकऱ्याला प्रश्न विचारले. त्यांचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक १९६२ साली निघाले. वाटेवरचा शेंदराचा धोंडा हा त्यांना पुरावा वाटला. आमच्या विद्यापीठांतून इतिहास शिकून बाहेर पडलेल्या किती जणांना असा धोंडा पुरावा वाटतो? मोडी दप्तरात ज्यांची नावे हक्क आणि वेठ यांच्या यादीतच येतात, त्यांचा इतिहास दप्तराबाहेर पाय ठेवल्याशिवाय लिहिताच येणार नाही.

१८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी एकेक करून गड घेतले. मे महिन्यात रायगड पडला. त्या पिढीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या दुर्गांची पाहणी केली. कॅप्टन डिकिन्सनने कोकणातले किल्ले पाहून अहवाल दिले. पुन्हा कोणी तिथे ठाण मांडून बसू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी वाटा आणि पायऱ्या मोडल्या गेल्या. कळसूबाईच्या रांगेतल्या अलंग आणि मदन या गडांवर पायऱ्या तुटलेल्या जागी आजही दोर लावून चढतात. आजच्या गिर्यारोहकाला त्या जागी थरार वाटतो. मेटकऱ्याच्या दृष्टीने वाट तुटली म्हणजे पोट तुटले. गडच नको तर गडाचा राखणदार कशाला? आणि राखणदार नको तर त्याची इनाम जमीन त्याच्याकडे का ठेवायची?

या प्रश्नाचे उत्तर शांतपणे मिळाले नाही. उमाजी नाईक पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचा. रामोशांकडे पुरंदरच्या राखणीचा जुना हक्क होता. तो हक्क गेल्यावर आणि त्याबरोबरचे उत्पन्न गेल्यावर जे घडले त्याला इंग्रजांनी दरोडेखोरी म्हटले. १८२६ पासून पाच वर्षे उमाजीने सरकारला हैराण केले आणि १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्याला त्याला फाशी दिले. कोल्हापूर संस्थानात १८४४ साली गडकऱ्यांनी उठाव केला. गडकऱ्यांच्या जमिनींची जुनी व्यवस्था मोडून ती मामलेदारांच्या हाताखाली आणण्याचे पाऊल उचलले गेले, त्याबरोबर सामानगड आणि भुदरगड येथल्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले. ऑक्टोबरात सामानगड इंग्रजांनी हल्ला करून घेतला. पुढे शिबंद्या मोडल्या. क्रांतिकारकांच्या यादीत उमाजीचे नाव आता येते, सरकारी जयंतीही होते. परंतु गडकऱ्यांचा लढा हा जमिनीचा आणि कामाच्या हक्काचा लढा होता, ही बाजू त्या गौरवात दबून जाते. राष्ट्रासाठी मरण्याला पुतळा मिळतो. पोटाच्या जमिनीसाठी लढलेल्याला पुतळा मिळायचा असेल तर आधी त्याच्या भांडणाचे नाव बदलावे लागते.

त्यानंतर जंगल खाते आले. १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगरउतारावरची झाडी सरकारी झाली. आज्ञापत्राच्या काळी जी झाडी राखणे हे ज्यांचे काम होते, त्यांच्याच वंशजाने त्यातली मोळी आणली तर तो गुन्हेगार ठरू लागला. चराऊ राने गेल्याने कुणब्याची काय दशा झाली ते जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली मांडले आहे. ज्याच्याकडे शेतही नव्हते त्याची दशा त्याच्याही खालची होती. माझ्या आजीने डोंगरातून मोळी आणून तालुक्याच्या गावात विकली आणि त्या पैशांवर माझे वडील सातवीपर्यंत शिकले. डोंगर या शब्दाने तिच्या डोळ्यांपुढे काय येत असे ते मला ठाऊक आहे. तिला वरच्या सड्यावरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचे वर्णन कोणी वाचून दाखवले असते, तर त्या वेळी आपण उतरणीवर होतो आणि काळोख पडायच्या आत घर गाठायचे होते, एवढेच तिने सांगितले असते.

महाराच्या वाट्याला गड गेल्यानंतर गावकीची वाट राहिली. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवणे, फिरतीवर आलेल्या साहेबाचे सामान उचलणे, त्याच्या घोड्याला वैरण आणणे, परक्याला शिवेपर्यंत वाट दाखवणे, शिवेचा तंटा झाला तर साक्षीला उभे राहणे. शिव कुठून जाते हे महार सांगेल ते खरे, असा मान होता. त्या मानाबरोबर वेठ होती. म्हणजे मेटकऱ्याचे ज्ञान गेले नाही. ते वेठीला जुंपले गेले. याच्या मोबदल्यात मिळणारे वतन म्हणजे तुकड्यातुकड्यांत वाटली गेलेली हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि दारोदारचे बलुते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे बिल बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले, तेव्हा त्यांनी या ‘हक्का’च्या आतली गुलामगिरी उघडी केली. आपल्याच लोकांतले काही वतनाला मान समजत होते. बाबासाहेब त्यांना सांगत राहिले की, ज्या हक्कामुळे माणूस चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील होतो तो हक्क टाकून द्यावा. म्हणून गडाच्या राखणीचा इतिहास लिहिताना माझ्यापुढे पेच पडतो. ते काम कर्तबगारीचे होते, हे खरे. ते जातीने लादलेले होते, हेही खरे. यांतले एक लिहून दुसरे गाळणारा लेखक मग तो आपला असो वा त्यांचा, मला पटत नाही.

रायगडाकडे पाहू. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचला आणि राजांना कुळवाड्यांचे भूषण म्हणून उभे केले. १८८३ मध्ये जेम्स डग्लसने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या समाधीच्या दुर्दशेबद्दल लिहिले. १८९५ साली टिळकांनी फंड सुरू केला आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. आधुनिक महाराष्ट्राची गडाकडे जाणारी वाट या उत्सवाने आखली. ती राष्ट्रभक्तीची यात्रा होती, आणि तिच्यात पांढरपेशा सुशिक्षित पुढे होता. त्याच रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर होते. पलटणीतून निवृत्त झालेल्या या माणसाने १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेबद्दल सव्वीस प्रश्न विचारले. एकाच दशकात, एकाच डोंगराच्या छायेत या दोन गोष्टी घडल्या. शाळेच्या पुस्तकांत त्या एका पानावर कधी आल्या नाहीत.

महाडचे चवदार तळे रायगडापासून चालत एका दिवसाच्या आत आहे. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून चालत गेलेली माणसे. मी मुद्दाम ‘चालत’ म्हणतो. महाडचा सत्याग्रह ही पाण्याची गोष्ट आहे तशी चालण्याचीही आहे. सार्वजनिक रस्त्यावरून सार्वजनिक पाण्यापर्यंत रांगेने चालत जाणे, एवढीच ती कृती होती. तिच्यासाठी डोकी फुटली. पुढे तळे खासगी असल्याचा दावा झाला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले. डिसेंबर १९२७ ची दुसरी परिषद आटोपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्धकालीन लेणी पाहायला गेले आणि रायगडही पाहून आले. मनुस्मृती जाळून दोन-तीन दिवस झालेले, तळ्यावर जाणे कोर्टाच्या मनाईमुळे तहकूब केलेले, आणि हा माणूस आधी लेणी व मग गड पाहायला निघतो. त्याला इतिहासाशी काही देणेघेणे नव्हते असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

आणि मग दौलताबाद. १९३४ साली चळवळीतले तीसेक कार्यकर्ते बाबासाहेबांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत निजामाच्या हद्दीतला दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने तोंडे माखलेली, म्हणून काही जणांनी किल्ल्यासमोरच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की या लोकांनी पाणी बाटवले. जमाव जमला, शिव्यागाळी झाली. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि हे पाहण्यासाठी बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या बाबासाहेबांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या.

कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, कौन्सिलात बोललेला, गोलमेज परिषदेत बसलेला बॅरिस्टर किल्ला पाहतो आहे आणि त्याच्यामागे पाण्यावर पहारा करणारा शिपाई चालतो आहे. महाराष्ट्रातल्या दुर्गभ्रमणाच्या कोणत्या ग्रंथात हे भ्रमण आले आहे? मला तरी आढळलेले नाही. गडावरचे टाके, त्याचे थंडगार पाणी, ओंजळीने पिण्याचे सुख ही आपल्या गडवाङ्मयाची आवडती जागा आहे. दौलताबादचा प्रसंग वाचल्यावर ती वर्णने मला पूर्वीसारखी वाचता येत नाहीत. पूर्वी ज्यांनी या टाक्यांच्या वाटा राखल्या त्यांनी कोणत्या टाक्यातले पाणी प्यायले असेल, हा प्रश्न मध्ये येऊन उभा राहतो. आणि हेही नमूद करू, की दौलताबादेला अडवणारे हिंदू नव्हते. बाबासाहेबांनी तो प्रसंग लिहिला तोच मुळी अस्पृश्य हा परधर्मीयांनाही अस्पृश्यच वाटतो हे दाखवण्यासाठी.

आता काळ बदलला आहे. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्यात महाराष्ट्रातले अकरा किल्ले आहेत आणि तामिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. ‘लष्करी’ हा शब्द त्यात आहे म्हणून विचारतो, लष्कर म्हणजे काय? तट आणि तोफा, की घेऱ्यातली माणसेही? वारसास्थळाच्या नकाशात गडाभोवती संरक्षित पट्टा आखतात. तो पट्टा म्हणजेच जुना घेरा, आणि तो रिकामा नाही.

घेऱ्यातल्या या जमिनीची पुढची गोष्ट कार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहावी. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने खालसा झाली. वतनी जमीन पूर्वीच्या वतनदाराला कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळायची होती, आणि परत मिळालेली जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी अट होती. रक्कम भरायला पैसे कोणाकडे होते? कित्येकांनी भरली नाही, कित्येकांच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याच कोणाची वहिवाट चढली. आज त्या डोंगरउतारांना ‘व्ह्यू’ म्हणून भाव आला आहे. शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी, हॉटेलांसाठी जमीन शोधत दलाल फिरतात, आणि वर्ग दोनची जमीन वर्ग एक कशी करायची याचे ज्ञान दलालाकडे असते, वाडीतल्या माणसाकडे नसते. वाटेचे ज्ञान असलेला माणूस कागदाच्या वाटेत हरवतो.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलांना गडावर नेतात, प्लास्टिक वेचतात, तोफेजवळ फोटो काढतात. दोन वर्षांपासून मी माझ्या वर्गाला एक काम देतो. वर जाण्याआधी एक दिवस खालच्या वाड्यांत काढायचा आणि वाटांची नावे गोळा करायची. पहिल्या वर्षी मुले कुरकुरली. यावर किती मार्क आहेत, असे एकाने विचारले. हळूहळू वह्या भरू लागल्या. चोरवाट कोणती, गुरांची कोणती, मढे नेण्याची वेगळी वाट कोणती, बाळंतिणीला डोलीतून खाली आणायची कोणती. एकाच खिंडीला मराठ्यांच्या आळीत एक नाव आणि बौद्धवाड्यात दुसरे, असेही निघाले. बौद्धवाड्यातले नाव तिथे पहाऱ्याला बसणाऱ्या घराण्याचे होते. त्या घरात आता कोणी राहत नाही. मुले मुंबईला गेली. एका मुलीने आपल्या वहीत तळटीप लिहिली होती, की नाव सांगणाऱ्या आजींनी आधी हात जोडून विचारले, हे लिहिल्याने आमची जागा जाणार तर नाही ना?

डोलीचा विषय निघालाच आहे. गडांवर आजही पर्यटकांना डोलीतून वर नेणारी माणसे आहेत. माथेरानला माणसाने माणूस ओढण्याच्या हातरिक्षा चालत आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही विचार करायला सांगितले. साहेबाचे सामान उचलण्यापासून इथपर्यंत ही एकच वाट चालत आलेली आहे.

या विषयावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात किल्ल्यांचे कागद आहेत, आणि शिबंदीच्या हिशेबांत नावे मिळतात. ‘नाक’ प्रत्यय असलेली नावे वेगळी काढा. घेरा आणि मेट या शब्दांनी सुरू होणाऱ्या गावांची यादी तालुक्यावार करा. इनाम चौकशीचे निकाल, वतन खालसा झाल्यानंतरच्या फेरफार नोंदी तलाठ्याकडे आणि तालुका कचेरीत पाहायला मिळतात. त्या एकाच गावाच्या घेतल्या तरी शंभर वर्षांची साखळी उभी राहते. मोडी वाचायला शिका, कारण मोडी येणारे आपल्यात फार थोडे आहेत आणि दुसऱ्याने वाचून दिलेल्या कागदावर किती दिवस राहायचे? आणि जे म्हातारे अजून वाटा दाखवू शकतात त्यांच्याबरोबर पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत चाला. पावसाळा संपल्यावर गवत पिवळे पडते तेव्हा जुन्या मेटांची जोती उघडी दिसतात. माघानंतर वणवे लागतात आणि मग डोंगरात थांबवत नाही.